लोकमान्य टिळक आणि राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद

लंडनच्या मेडा व्हेल भागात हाउली प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी पाटी आहे. १९१८-१९ मध्ये ते येथे राहिले होते. ज्या डिसेंबरात त्यांनी दिल्लीत राष्ट्रीय सभेचे अध्यक्षस्थान स्वीकारायचे, तो डिसेंबर त्यांनी लंडनमध्येच काढला.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले टिळक 'केसरी'मुळे घरोघरी पोहोचले. परंतु राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष त्या काळी लोकप्रियतेवर ठरत नसे. अधिवेशन दरवर्षी नव्या शहरात भरे आणि अध्यक्षाच्या निवडीत तेथील स्वागत समितीचा शब्द महत्त्वाचा असे. समिती ज्यांच्या हाती, त्यांचा अध्यक्ष, असा हा व्यवहार होता.

१९०६ च्या कलकत्ता अधिवेशनासाठी जहालांनी टिळकांचे नाव पुढे केले. तेव्हा मवाळांनी ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना इंग्लंडहून पाचारण केले. त्यांना विरोध करणे कोणालाच शक्य नव्हते. टिळकांनीही ती निवड मान्य केली. पुढच्या वर्षीचे अधिवेशन नागपूरला ठरले होते. तेथे जहालांचे बळ वाढताच ते सुरतेला हलवण्यात आले. सुरत मुंबई इलाख्यात, आणि यजमान प्रांतातील पुढाऱ्याला अध्यक्ष न करण्याचा प्रघात. त्यामुळे टिळकांचा मार्ग आपोआप खुंटला. जहालांनी लाला लजपतराय यांचे नाव सुचवले, पण त्यांनी नकार दिला. मवाळांनी रासबिहारी घोष यांना निवडले. २७ डिसेंबर १९०७ रोजी टिळक सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले, त्यांना बोलू दिले गेले नाही. जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि सभा दुभंगली.

१९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस नेण्यात आले. त्याच वर्षी मवाळांनी सभेची घटना अशी बांधली की, जहालांना प्रतिनिधी म्हणून येणेच कठीण व्हावे. १९१५ मध्ये ही अट सैल झाली आणि १९१६ च्या लखनौ अधिवेशनात टिळक सभेत परतले.

अखेर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली. मात्र व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या पुस्तकातील आरोपांविरुद्ध त्यांनी लावलेला अब्रुनुकसानीचा दावा लंडनमध्ये उभा राहणार होता. टिळकांनी अध्यक्षपद सोडून विलायतेची वाट धरली. दिल्लीत मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक दावा हरले आणि खर्चाचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला. तरीही ते वर्षभर इंग्लंडमध्ये होमरूलचा प्रचार आणि मजूर पक्षाच्या नेत्यांशी विचारविनिमय करीत राहिले.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे निधन झाले. अध्यक्षाच्या खुर्चीत ते कधीच बसले नाहीत. त्याच डिसेंबरात राष्ट्रीय सभेने नवी घटना स्वीकारली आणि चार आणे वर्गणी भरणाऱ्या सामान्य माणसाला सभासदत्व खुले केले. ते अधिवेशन भरले होते नागपुरात, १९०७ मध्ये ज्या शहरातून ते हलवले गेले होते, तेथेच.