आधी काम, मग वर्गणी

डिसेंबर उजाडला की महाविद्यालयांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागते. बँकेत शाखाधिकारी असताना त्या दिवसांत माझ्या टेबलासमोर मुलामुलींची ये-जा सुरू होई. कुणाला स्मरणिकेसाठी जाहिरात हवी असे, कुणाला वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षिसांसाठी देणगी. हातात पावतीपुस्तक आणि चेहऱ्यावर संकोच. नियमात बसेल तेवढी रक्कम मी मंजूर करी आणि त्यांची बोळवण करी. कार्यक्रम कशासाठी आणि कोणासाठी, हे मात्र कधी विचारले नाही. निवृत्तीनंतर दादाभाई नौरोजींचे चरित्र वाचताना हे न विचारलेले प्रश्न पुन्हा आठवले.

पांढऱ्या दाढीचे, पारशी पगडी घातलेले पितामह दादाभाई आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण पंचविशीही न गाठलेले, विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मुंबईच्या गल्लीबोळांतून दारे ठोठावणारे दादाभाई आपल्याला फारसे ठाऊक नसतात.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घरात भिक्षुकी, परिस्थिती बेताची. दादाभाई अवघे चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. सुदैवाने त्या काळी शाळेला फी नव्हती. ती असती तर माणेकबाईंना परवडली नसती आणि दादाभाईंचे शिक्षण तिथेच थांबले असते. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा ते लोकांना परत केले पाहिजे, ही जाणीव त्यांच्या मनात लहानपणीच रुजली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कोणी वसुलीला न येणारे हे कर्ज होते, आणि दादाभाई ते जन्मभर फेडत राहिले.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची हुशारी चमकली. सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवण्याची कल्पना मांडली. निम्मा खर्च ते स्वतः देणार होते, उरलेला निम्मा पारशी धनिकांनी द्यायचा होता. पण मुलगा तिकडे जाऊन ख्रिस्ती झाला तर, ही धास्ती ज्येष्ठांना वाटली आणि बेत बारगळला. पैसा असूनही विश्वास नसेल तर गाठोडे सुटत नाही, हा धडा दादाभाईंना ऐन तारुण्यात मिळाला. १८४५ मध्ये ते आपल्याच संस्थेत शिक्षक झाले.

१८४८ मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या नऊ वर्षे आधी, एल्फिन्स्टनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. प्राध्यापक पॅटन यांचा तिला पाठिंबा होता आणि दादाभाई तिच्या आघाडीच्या कार्यकर्त्यांपैकी होते. सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. हे इंग्रजीतले ज्ञान घराघरांत पोचावे म्हणून गुजराती आणि मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेची धुरा दादोबा पांडुरंग यांच्याकडे होती.

सभेत स्त्रीशिक्षणावरही निबंध वाचला गेला. टाळ्या पडून विषय तिथेच संपला असता, तर आज त्याची आठवण कुणाला राहिली नसती. पण ही मंडळी शाळा काढायच्या तयारीला लागली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. मुंबईच्या या तरुणांजवळ ना इमारत होती, ना निधी. होता तो फक्त स्वतःचा वेळ. सकाळी आपापल्या कामाला जाण्यापूर्वी त्यांनी विनावेतन शिकवायचे ठरवले.

मुली मिळवणे हे पैसा मिळवण्याहून अवघड होते. दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करीत. काही घरांत त्यांना ओसरीवर बसून मुलींना शिकवण्याची मुभा मिळे. काही ठिकाणी मात्र जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी मिळाली. मुलगी लिहू-वाचू लागली तर घर बुडेल, असे मानणारा तो काळ होता. तरीही १८४९ च्या ऑक्टोबरात शाळा उघडल्या. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या.

मुली येऊ लागल्या, पोरे खरोखरच रोज सकाळी शिकवतात हे शहराने पाहिले, आणि मग थैल्यांची तोंडे सुटली. कामा घराण्यातील मंडळींनी पारशी शाळांच्या खर्चाचा भार उचलला. नाना जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेसाठी गिरगावात आपली जागा दिली. पाचसहा वर्षांपूर्वी दादाभाईंसाठी न सुटलेले गाठोडे आता परक्यांच्या मुलींसाठी सुटले.

पैसा घेताना दादाभाईंनी डोळे झाकले नाहीत. १८५५ मध्ये ते याच कामा कुटुंबाच्या पेढीत भागीदार म्हणून लंडनला गेले. पण पेढीच्या व्यवहारात अफू आणि दारूचा नफा आहे हे त्यांच्या मनाला पटेना, आणि काही वर्षांतच ते बाहेर पडले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी या घरची देणगी आनंदाने घेतली होती. स्वतःच्या खिशात येणाऱ्या नफ्याचा हिशेब मात्र त्यांनी अधिक कडक लावला.

पुढची कहाणी जगजाहीर आहे. हिंदुस्थानातून दरवर्षी किती संपत्ती विलायतेला वाहून जाते, याचे आकडे त्यांनी साम्राज्याच्याच कागदांतून काढून दाखवले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांच्या फरकाने, ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. काँग्रेसचे अध्यक्षपद तीनदा भूषवून ३० जून १९१७ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्यांनी परक्यांच्या मुलींसाठी जिने चढले, त्यांच्या स्वतःच्या नाती पेरीन, गोशी आणि खुर्शीद पुढे स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या.

आज महाविद्यालयांच्या महोत्सवांना मोठमोठे प्रायोजक मिळतात. रंगमंच, दिवे, ध्वनिवर्धक, सारे काही झगमगीत असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तारुण्याला उत्सव हवाच. पण पावतीपुस्तक घेऊन कुणी पुन्हा माझ्या दारी आले, तर आता मी त्यांना आधी बसवीन, चहा देईन आणि तेव्हा राहून गेलेला प्रश्न विचारीन. पैसे मिळाले नाहीत तरीही तुम्ही यातले काय करणार आहात? उत्तर मिळाले, तर पावती जरा मोठ्या रकमेची फाडायला सांगेन.