मीराबेन

मॅडेलिन स्लेड हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मीराबेन म्हटले, की खादी नेसलेली, गांधीजींच्या मागे चालणारी उंच इंग्रज स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील आरमारातील वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या नेमणुकीमुळे मुलीने किशोरवयात मुंबई पाहिली होती, परंतु ती साहेबांच्या बंगल्यातून! बीथोव्हनच्या संगीताचे वेड त्यांना रोमाँ रोलाँ या फ्रेंच साहित्यिकाच्या दारी घेऊन गेले आणि त्यांच्याकडून गांधीजींची ओळख झाली. मग वर्षभर घरीच मांसाहार वर्ज्य करून, मांडी घालून बसण्याचा व सूत कातण्याचा सराव करून, ७ नोव्हेंबर १९२५ रोजी त्या साबरमतीस पोहोचल्या.

पुढे गांधीजी वर्ध्यास आले. आपल्या निमाडाप्रमाणे तोही मुलूख कापसाचा. शेतकऱ्याच्या घरचा कापूस गाड्या भरून बाजारी जाई आणि गिरणीचे कापड होऊन दामदुप्पट किमतीने परत येई. पेरणी-वेचणीखेरीजच्या महिन्यांत घरातील हात रिकामे राहत. ते रिकामे हात कामास लावावेत, एवढाच चरख्याचा साधा हिशेब होता. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढविण्याचे ठरविले, तेही याच विचाराने.

मीराबेन प्रथम वर्ध्यालगतच्या सिंदी गावी सफाईस गेल्या. रोज रस्त्यावरील मैला उचलावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच घाण पाहावी! तेथून त्या शेगावास राहावयास गेल्या. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही तेथे आले. या शेगावाचेच १९४० मध्ये सेवाग्राम झाले. वैशाखातील ते ऊन समुद्रकाठी वाढलेल्या माझ्यासारख्यालाही सोसवत नाही. थंड देशातून आलेल्या त्या बाईंनी ते कसे सोसले असेल, कोण जाणे. हिंवतापाचाही तो मुलूख. हिंदी त्यांना सहजी येत नसे, आणि मराठी खेड्यात तर तीही पुरी पडेना. शिवाय गोरी मडमीण येऊन मैला उचलते व सूत कातते, याचा गावकऱ्यांना उलगडा होईना. तरीही उपदेशाची घाई न करता त्या स्वतः पिंजीत, कातीत. स्वतःसाठी त्यांनी कुटी बांधली तीही गावच्याच माती-बांबूंची, म्हणजे पैसा गावच्याच मजुराच्या हाती पडला. गावाची रीत मात्र फारशी पालटली नाही, हेही सांगितले पाहिजे.

१९४२ मध्ये गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवास झाला. सुटकेनंतर त्या हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन राहिल्या व गुरांच्या संगोपनात रमल्या. तेथे त्यांच्या ध्यानी आले, की इमारती लाकूड व राळ देणाऱ्या चीड वृक्षांच्या लोभाने बांज ओकाचे रान हटत आहे. बांजाच्या पानांवर गुरे जगतात, त्याच्या मुळांशी पाणी मुरते, आणि तो गेला की झरे आटून खाली पूर येतात. १९५२ पासून त्यांनी हे लिहून सरकारापुढे मांडले. त्या वेळी ते कोणी फारसे मनावर घेतले नाही; पुढे चिपको आंदोलनाच्या काळी त्याचे स्मरण झाले.

१९५९ च्या जानेवारीत, तेहतीस वर्षांनंतर, त्यांनी भारत सोडला. व्हिएन्नाजवळच्या खेड्यात, पुन्हा बीथोव्हनच्या सहवासात त्या राहिल्या आणि २० जुलै १९८२ रोजी वारल्या. सेवाग्रामची त्यांची कुटी आज बापूकुटी म्हणून ओळखली जाते, कारण पुढे गांधीजीच तीत राहू लागले. तिच्या भिंतींवर मीराबेनच्या हातचे, मातीत उठविलेले ताडवृक्ष आहेत.