एमआरआयच्या नळीत झोपलेले शास्त्रज्ञ : इसिडोर राबी

गंगापूर रोडवरच्या एखाद्या केंद्रात उद्या तुमचा एमआरआय आहे आणि त्या अरुंद नळीची धास्ती वाटते आहे? मग इसिडोर राबी यांच्याविषयी वाचा. हे यंत्र ज्या शोधावर उभे आहे तो त्यांनी लावला आणि म्हातारपणी त्यांना स्वतःलाही त्याच नळीत झोपावे लागले.

राबी यांचा जन्म २९ जुलै १८९८ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या एका गरीब ज्यू घरात झाला. तान्हे असतानाच ते न्यूयॉर्कला आले. मुलगा शाळेतून घरी आला की आज काय शिकलास, असे त्यांची आई विचारत नसे. आज चांगला प्रश्न विचारलास का, एवढेच तिला हवे असे. आपण शास्त्रज्ञ झालो ते या सवयीमुळे, असे राबी मानत.

१९३८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दाखवून दिले, की चुंबकीय क्षेत्रातली अणुकेंद्रके ठरावीक रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. त्यासाठी त्यांना १९४४ चे नोबेल मिळाले. पुढे १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी याच तत्त्वावर चित्रे मिळवली. तुमच्या तपासणीत शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन असाच प्रतिसाद देतो. यात क्ष-किरण नसतात. पूर्वी या तंत्राच्या नावात 'न्यूक्लिअर' हा शब्द होता. त्याचा अर्थ अणुकेंद्रकाशी संबंधित एवढाच, पण लोक दचकत, म्हणून तो गळाला.

आयुष्याच्या अखेरीस आजारपणात राबींचा एमआरआय झाला. नळीच्या चकचकीत पृष्ठभागावर त्यांना आपलाच चेहरा दिसला. आपले काम इथवर पोहोचेल असे त्यांना कधी वाटले नव्हते. ११ जानेवारी १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

राबींच्या आईची सवय तुम्हीही उचला आणि तपासणीआधी मोकळेपणाने विचारा. किती वेळ लागेल? डोके नळीत जाईल का? गुडघ्याच्या तपासणीत बहुधा ते बाहेरच राहते. रुंद नळीचे यंत्र आहे का? बाहेरचे दिसावे म्हणून आरसा मिळेल का? नातेवाईक आत थांबू शकतील का? ठकठक आवाज विजेच्या वेटोळ्यांच्या कंपनामुळे होतो. त्यासाठी कानात बोळे किंवा हेडफोन मागून घ्या. हातात दिलेला फुगा दाबला की तंत्रज्ञ लगेच लक्ष देतात. आत जाण्याआधीच डोळे मिटून घ्या आणि संथ श्वास घ्या. तरीही भीती फार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ते सौम्य औषध देऊ शकतात. मात्र त्यानंतर स्वतः गाडी चालवू नका.

काही गोष्टी न विचारताही सांगा : पेसमेकर, कानातले रोपण, मेंदूतली क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण, गर्भारपण. मंगळसूत्र, जोडवी, साडीची पिनही काढून ठेवा. घट्ट बसलेली जोडवी आदल्या दिवशीच सैल करा.