स्फटिकशास्त्राचे जनक आबे आयुई

पालघर, बोईसर वा तारापूर येथील कोणत्याही घरी मीठ, तुरटी आणि खडीसाखर या तीन वस्तू सहज सापडतील. मिठाचा एखादा टपोरा दाणा तळहातावर घेऊन भिंगातून पाहावा, म्हणजे तो चौकोनी पेटीसारखा दिसतो. खाडीकाठच्या मिठागरात मीठ पिकविणारा मनुष्य पाणी अडवितो, ऊन ते पाणी आटविते आणि दाणे आपोआप धरतात. त्यांना कोपरे व पैलू पाडणारा कारागीर तेथे कोणीच नसतो. मग हा आकार येतो कोठून? या साध्या प्रश्नापायी ज्यांनी आपले आयुष्य वेचिले, त्या एका फ्रेंच धर्मगुरूंचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

रने जुस्त आयुई यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1743 रोजी फ्रान्सच्या पिकार्डी प्रांतातील सें-जुस्त या लहानशा गावी झाला. वडील गरीब विणकर होते. मुलास शिक्षण देण्याची त्यांची ऐपत नव्हती. परंतु मुलाला प्रार्थनासंगीताची विलक्षण गोडी होती. तो गावातील मठात नित्य जाऊन बसे. तेथील प्रमुखांचे त्याच्याकडे लक्ष गेले व त्याच्या अध्ययनास आरंभ झाला. पुढे माता त्यास पॅरिसला घेऊन गेली. तेथे प्रथम एका चर्चच्या गायकवर्गात त्यास जागा मिळाली आणि नंतर एका विद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. यथाकाल तो त्याच विद्यालयात शिक्षक झाला व धर्मगुरूची दीक्षाही त्याने घेतली. अशा गुरूंस फ्रेंच लोक 'आबे' म्हणतात.

आयुई यांस प्रथम वनस्पतिशास्त्राचा छंद लागला. राजोद्यानात फिरता फिरता त्यांनी दोबाँतों या विद्वानांची खनिजांवरील व्याख्याने ऐकली. फुलांच्या पाकळ्यांची संख्या जातीगणिक ठरलेली असते; मग एकाच खनिजाचे स्फटिक इतक्या निरनिराळ्या आकारांचे का असावेत, ही शंका त्यांच्या मनात घर करून राहिली.

तिचे उत्तर एका अपघाताने मिळाले. एका स्नेह्याच्या घरी संग्रह पाहात असता कॅल्साइटच्या स्फटिकांचा एक सुंदर झुबका त्यांच्या हातून निसटला आणि त्यातील सहा बाजूंचा एक स्फटिक फुटला. दुसरा कोणी ओशाळून निघून गेला असता. आयुई मात्र तुकडे न्याहाळीत बसले. फुटलेला भाग खडबडीत नव्हता. तेथे तिरप्या ठोकळ्याचे गुळगुळीत पैलू उघडे पडले होते. घरी येताच त्यांनी आपल्या संग्रहातील कॅल्साइटचे नाना आकारांचे स्फटिक हातोडीने फोडिले. बाहेरचा आकार कोणताही असो, आतून तोच तिरपा ठोकळा निघाला.

यावरून त्यांनी असा सिद्धांत बांधिला की, स्फटिक हा एकाच मापाच्या अतिसूक्ष्म विटांचा रचलेला असतो. प्रत्येक थर खालच्यापेक्षा एकेक ओळ कमी करीत रचला, तर उतरता पैलू तयार होतो; विटा फारच बारीक असल्यामुळे त्याच्या पायऱ्या डोळ्यांस दिसत नाहीत. स्वभाव अत्यंत भिडस्त असल्याने हे संशोधन विद्वानांच्या सभेपुढे नेण्यास त्यांस आग्रह करावा लागला. 1783 साली ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सभासद झाले व 1784 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. नव्या सरकारने मागितलेली शपथ घेण्यास आयुई यांच्या सदसद्विवेकबुद्धीने नकार दिला. ऑगस्ट 1792 मध्ये त्यांस इतर धर्मगुरूंसह बंदीत टाकण्यात आले. तेथेही त्यांनी आपले स्फटिक मागवून घेतले व अभ्यास चालू ठेविला, असे सांगतात. त्यांचा तरुण शिष्य जोफ्र्वा सेंतिलेर याने धावाधाव करून सुटकेचा हुकूम मिळविला. पण तो येऊन पोहोचला तरी आयुई त्या रात्री निघावयास तयार होईनात! दुसऱ्या दिवशी त्यांस जवळजवळ ओढूनच बाहेर आणावे लागले. सप्टेंबरच्या आरंभी त्याच बंदिवासातील अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली.

स्वतःचे प्राण असे वाचलेले असताना कोणीही गप्प बसला असता. परंतु थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिये यांस पकडण्यात आले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत आयुई होते. अर्ज फुकट गेला व 1794 साली लाव्वाझिये यांचा शिरच्छेद झाला. तरी भिडस्त मनुष्य भेकड असतोच असे नाही, हे या प्रसंगाने दिसून आले.

1801 साली आयुई यांचा खनिजशास्त्रावरील महाग्रंथ निघाला. नेपोलियनच्या इच्छेवरून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पदार्थविज्ञानाचे पुस्तकही लिहिले. त्यांचा धाकटा बंधू व्हालांतँ याने पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढिली. लुई ब्रेल पुढे त्याच शाळेत शिकला. विणकराच्या एका झोपडीतून जगास असे दोन पुत्र लाभले. उतारवयात आयुई यांचे वेतन बंद होऊन त्यांस ओढाताण सोसावी लागली, आणि जून 1822 मध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे सारेच म्हणणे खरे ठरले असे नाही. भिन्न द्रव्यांचे स्फटिक एकाच आकाराचे असू शकतात, हे 1819 साली दुसऱ्या शास्त्रज्ञाने दाखविले. आयुई यांस ते मान्य झाले नाही. 1912 नंतर क्ष-किरणांनी दाखवून दिले की आत विटा नसून अणूंची रचना असते. पण ती रचना अखंड, नियमित आणि पुनःपुन्हा येणारी असते, हा त्यांचा मूळ विचार टिकला.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा एक धागा जुळतो. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अपोफिलाइट नावाचे चकाकणारे स्फटिक सापडतात. या खनिजास ते नाव 1806 साली आयुई यांनीच दिले.

आता वाचकांनी हा नियम स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. वडील माणसांच्या देखरेखीखाली कोमट पाण्यात तुरटीची पूड विरघळेनाशी होईपर्यंत घालावी, पाणी फडक्याने गाळून काचेच्या पेल्यात ठेवावे व वर कागद झाकावा. एकदोन दिवसांत तळाशी बारीक स्फटिक धरतील. त्यांतील सुबक असा एक निवडून दोऱ्यास बांधावा आणि तशाच गार झालेल्या, गाळलेल्या द्रावणात टांगावा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा ओलसर असल्याने पाणी लवकर आटत नाही. म्हणून दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पेला हलवू नये, घाई करू नये. पंधरवड्यात आठ पैलूंचा खडा दिसू लागेल. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत औषधी द्रव्ये शुद्ध करावयाची असतात, तेव्हा याच गुणाचा उपयोग होतो. कारण स्फटिक वाढताना बहुतेक परकी द्रव्ये बाहेरच ठेवितो.

आणि मुलांच्या हातून एखादा पेला फुटला, तर पालकांनी रागावण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे. तुकडे उचलताना मूल कदाचित काही पाहात असेल.