मौलाना शिबली आणि मदरशांचा प्रश्न

मदरशांत आधुनिक विषय शिकवावेत की नाही, हा वाद जणू आजच उद्भवला आहे अशा थाटात मांडला जातो. वस्तुतः शतकापूर्वी लखनौमध्ये मौलाना शिबली नोमानी यांनी त्यासाठी आपले आयुष्य वेचले होते.

१८५७ साली आझमगढ जिल्ह्यात जन्मलेल्या शिबलींचे शिक्षण जुन्या परंपरेतील मौलवींच्या हाताखाली झाले. १८८३ मध्ये ते सर सय्यद अहमद यांच्या अलीगढ कॉलेजात अध्यापक झाले. तेथे थॉमस अर्नोल्ड यांच्या सहवासात त्यांना युरोपीय संशोधनपद्धतीचा परिचय घडला. १८९२ मध्ये तुर्कस्तान, सीरिया व इजिप्त येथील विद्यालये त्यांनी स्वतः पाहिली.

त्या काळी मुसलमान तरुणांपुढे दोन वाटा होत्या. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने अठराव्या शतकातील 'दर्से निजामी' हा पाठ्यक्रम जपला होता. अलीगढ सरकारी सेवेस योग्य असे पदवीधर घडवीत होते. एकीकडे धर्मज्ञान होते, पण काळाचे भान नव्हते; दुसरीकडे काळाचे भान होते, पण परंपरेशी नाते तुटत होते. ही दरी सांधण्यासाठी नदवतुल उलमा ही संस्था निघाली. तिच्या निवासी विद्यालयाची सूत्रे १९०५ मध्ये शिबलींच्या हाती आली. जुन्या तर्कग्रंथांचे ओझे कमी करावे, मूळ कुराण व अरबी साहित्यावर भर द्यावा आणि भावी उलमांना इंग्रजीही यावी, असा त्यांचा आग्रह होता. १९०७ मध्ये बंदुकीच्या अपघातात एक पाय गमवावा लागला, तरी त्यांचे काम थांबले नाही.

विरोध मात्र घरातूनच झाला. सनातनी उलमांना त्यांचे विचार धर्मबाह्य वाटले आणि १९१३ मध्ये त्यांना पदत्याग करावा लागला. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९१४ रोजी, ते निवर्तले. अपुरे राहिलेले पैगंबरचरित्र शिष्य सुलेमान नदवी यांनी पूर्ण केले. आझमगढची दारुल मुसन्निफीन ही संशोधनसंस्थाही शिष्यांनीच उभारली.

शिबलींचा पराभव झाला, असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य ठरेल. पाठ्यपुस्तके बदलणे सोपे असते. ती शिकविणाऱ्यांचे मन वळविणे अवघड. बाहेरून लादलेली सुधारणा संशय वाढविते. परंपरा आतून जाणणाऱ्यानेच तिची झाडाझडती घेतली, तर ती सावकाश का होईना, पण रुजते. शिबलींच्या आयुष्याचा बोध हाच आहे.