हैबतबाबा आरफळकर

सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतराव पवार हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. पुढे विरक्त होऊन ते आळंदीस श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीपाशी भजनात राहिले. १६८५ साली नारायणमहाराज देहूकरांनी सुरू केलेल्या पालखीत तुकोबांबरोबर ज्ञानदेवांच्याही पादुका असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी ज्ञानदेवांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभारला. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरदारांनी त्यास साहाय्य केले. अंकलीचे अश्व आजही दरवर्षी आळंदीस येतात.

बाबांनी सोहळ्यास लष्करी शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम व भजनाचा नेम ठरला. या नेमाचे खरे मोल आषाढीनंतर कळते. वारी सरते, वारकरी पांगतात. परंतु भजन सर्वांस मुखोद्गत असल्याने गावी परतल्यावर चार मंडळी सायंकाळी सहज हरिपाठास बसतात, एकादशीस जागर करतात. नेम नसता, तर वाटेवरचा प्रेमभाव घरच्या धबडग्यात विरून गेला असता.

आळंदीस महाद्वारी बाबांची पायरी आहे. कार्तिकी सोहळ्याचा आरंभ तिच्या पूजनाने होतो. सप्ताहाची समाप्ती झाल्यावर आपणही आठवड्यातील एक सायंकाळ शेजारच्या दोन घरांसह हरिपाठास द्यावी. सत्संग घरी टिकविण्याचा बाबांचा मार्ग हाच होय.