नागरी अक्षरांचे शिल्पकार : शेट जावजी दादाजी

आमच्या शाळेंतील विद्यार्थी रोज कितीतरी पानें वाचतात. परंतु त्या पानांवरील अक्षर कोणीं घडविलें, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. यांत त्यांचा दोष नाहीं. उत्तम छापील अक्षराचा गुणच असा कीं, तें वाचकाची दृष्टि स्वतःवर न अडवितां अर्थाकडे नेतें. असें अक्षर ज्यांनीं मराठी व संस्कृत वाचकांस दिलें, त्या जावजी दादाजी चौधरी यांचें चरित्र आम्ही या अंकांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

जावजींचा जन्म १८३९ सालीं मुंबईंत एका गरीब कुटुंबांत झाला. घरच्या अडचणींमुळें त्यांचें शिक्षण अगदीं थोडक्यांत आटोपलें, व लहान वयांतच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपये पगारावर लागले. काम होतें ओतलेले खिळे घासण्याचें.

त्या काळीं नागरी मुद्रणाची स्थिति कशी होती, हें येथें सांगितलें पाहिजे. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें, तें मराठी असूनही रोमन लिपींत. नागरी लिपीचे खिळे पाडणें हें काम मोठें बिकट. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें मिळून शेंकडों निरनिराळे खिळे लागतात. प्रत्येकासाठीं कारागीर पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरतो; तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका तयार करितात, व ती सांच्यांत बसवून वरून शिसें, कथील व अँटिमनी यांचा रस ओततात. मिशन छापखान्यांतील थॉमस ग्रॅहम या कुशल गृहस्थांनीं हे खिळे सुधारण्यासाठीं फार परिश्रम केले, आणि त्यांच्याच देखरेखीखालीं जावजींची उमेदवारी झाली.

खिळे घासणें हें काम हलकें मानलें जात असे. पण तें किती महत्त्वाचें आहे तें पाहा. नागरींत शब्दाच्या डोक्यावरून एक अखंड शिरोरेघ जाते. खिळ्याच्या कडेस केसाएवढी कोर राहिली, तरी शेजारचा खिळा त्यास नीट भिडत नाहीं आणि रेघ जागोजाग तुटते. ती तुटूं नये म्हणून बोटांस व डोळ्यांस जी शिस्त लागते, ती जावजींस लहानपणींच लागली.

पुढें निरनिराळ्या छापखान्यांत नोकरी करून त्यांनीं या धंद्याचें अंग न् अंग जाणून घेतलें, व १८६४ सालीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. हें साहस लहान नव्हतें. नागरीचा एक संच तयार व्हावयाचा तर शेंकडों ठसे आधीं कोरून घ्यावे लागत, आणि विक्रीचा पैसा येई तो त्यानंतर. या कामीं त्यांस राणोजी रावजी आरू या ठसे कोरणाऱ्या मित्राचें मोठें साह्य झालें. राणोजींचा हात व जावजींची पारख यांचा तो संगम होता.

रोमन लिपींतील डौलदार अक्षरांच्या टोंकांस बारीक आडव्या रेघा असतात, व त्यांतील जाड-बारीक रेषांच्या खेळानें इटलींतील पार्मा शहरच्या बोदोनीनें (१७४०–१८१३) युरोपांत कीर्ति मिळविली. नागरीचा डौल निराळा आहे. तो बोरूच्या तिरप्या कापांतून येतो. जावजींच्या खिळ्यांत बोरूचें हें वळण शिशांत उतरलें. अक्षराचें पोट मोकळें, उभा दांडा ठसठशीत आणि वळणावर रेघ हळूहळू बारीक होत जाणारी. मोठ्या आकारांत तें ग्रंथाच्या मथळ्यास शोभे, आणि लहान आकारांतही वाचकाच्या डोळ्यांस शीण देत नसे.

विरारहून मुंबईस जाणारी आगगाडी १८६७ सालीं सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८६९ सालीं, जावजींनीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना स्थापिला. काळबादेवीनजीक कोलभाट गल्लींतील या छापखान्याचें नांव लवकरच शुद्ध व सुबक छपाईसाठीं सर्वतोमुखीं झालें. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचें मुलांसाठीं निघणारें बालबोध मासिक तेथें छापलें जाऊं लागलें. १८८६ सालीं पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादकत्वाखालीं काव्यमाला सुरू झाली, व हस्तलिखितांत पडून राहिलेलीं संस्कृत काव्यें अभ्यासकांच्या हातीं आलीं. मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत व त्याखालीं टीका लहान अक्षरांत, या मांडणीनें पानावर दृष्टि टाकतांच मूळ कोणतें व विवरण कोणतें तें कळे. ज्यास स्वतःला शाळा पुरी लाभली नाहीं, त्याचीं पुस्तकें युरोपांतील पंडितही विश्वासानें उघडूं लागले.

१८९२ सालीं जावजी निवर्तले, आणि त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनीं तें काम पुढें चालविलें. आतां शिशाच्या खिळ्यांचें युग सरलें आहे. अक्षरें संगणकाच्या पडद्यावर आंखलीं जातात. तरी शिरोरेघ सलग हवी, पोट मोकळें हवें, रेषेंत बोरूचा जिवंतपणा हवा, या कसोट्या बदललेल्या नाहींत.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलाच्या वाट्यास आलेलें काम लहान आहे म्हणून त्यास कमी लेखूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर तुमच्या पुस्तकाचें एक पान उजेडांत धरा, आणि अर्थ क्षणभर बाजूस ठेवून नुसतें अक्षर पाहा. शब्दावरची रेघ कोठेंही तुटलेली दिसली नाहीं, तर समजा कीं त्यामागें कोणीतरी शेवटची कोरही घासून काढलेली आहे.